अँड्रॉइडचं ‘डिजिटल वेलबीइंग’ इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये किती टिकतं?

फोन किती वापरला हे मोजणारी आणि त्याला आवर घालायला मदत करणारी ‘डिजिटल वेलबीइंग’ ही सोय इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या मुलामुलींच्या अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा आधीपासूनच असते. वेगळं उतरवून घ्यावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, मध्येच जाहिरात येत नाही. गूगलनं ते मे २०१८ मध्ये जाहीर केलं, सुरुवातीला आपल्याच पिक्सेल फोनवर दिलं आणि आता ते बहुतेक कंपन्यांच्या फोनांत सेटिंग्ज उघडल्या की सापडतं. तरी वापरून पाहिलेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांची तक्रार एकच असते: दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी स्वतःच काढून टाकलं. ही तक्रार खरी आहे आणि तिची कारणंही शोधता येतात. काही कारणं साधनाच्या रचनेत आहेत, काही आपण ते ज्या पद्धतीनं लावतो त्यात आहेत, आणि बरीचशी कॉलेजच्या कारभारात आहेत. म्हणून हे परीक्षण फोनपाशी थांबत नाही.

निकाल आधीच सांगतो. रात्रीच्या झोपेसाठी हे साधन उत्तम आहे. दिवसा, लेक्चर आणि अभ्यासाच्या वेळी, मध्यम आहे. आणि जिथे नोटीस, सबमिशन, अटेंडन्स असं सगळं रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर ठरतं, अशा कॉलेजात त्याचा दिवसाचा भाग जवळजवळ निकामी होतो, विद्यार्थ्यानं तो कितीही नीट लावला तरी.

आधी आठवडाभर नुसतं मोजा

सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग आणि पालक नियंत्रणे’ उघडलं की तीन आकडे मिळतात: स्क्रीन किती वेळ चालू होती, फोन किती वेळा अनलॉक झाला आणि किती नोटिफिकेशन्स आल्या. डॅशबोर्डमध्ये हेच आकडे ॲपनुसार आणि दिवसानुसार पाहता येतात. बहुतेक जण फक्त तास बघतात आणि दचकतात. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यासाठी तासांचा आकडा सगळ्यात कमी उपयोगाचा आहे, कारण त्यात एनपीटीईएलचं (आयआयटींच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचं) लेक्चर, पीडीएफमधल्या नोट्स, मॅप आणि रील्स असं सगळं एकत्र मिसळलेलं असतं. अनलॉक आणि नोटिफिकेशन्स हे दोन आकडे जास्त बोलके आहेत. अनलॉक खूप आणि एकूण वेळ कमी असेल, तर अडचण लक्ष तुटण्याची आहे. अनलॉक मोजके पण वेळ खूप असेल, तर अडचण एकाच ॲपमध्ये अडकून पडण्याची आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला नोटिफिकेशन्स कमी कराव्या लागतात, दुसऱ्याला टायमर किंवा अडथळा लावावा लागतो.

त्यामुळे पहिले सात दिवस कुठलीही मर्यादा न लावता फक्त आकडे जमू द्या. सबमिशनचा किंवा ओरलचा आठवडा त्यासाठी निवडू नका. तेव्हाचे आकडे नेहमीचे नसतात.

मोजमापातल्या त्रुटी माहीत असाव्यात. यूट्यूबवर पाहिलेलं थर्मोडायनॅमिक्स आणि यूट्यूबवर पाहिलेले शॉर्ट्स या साधनाला सारखेच. क्रोममध्ये उघडलेलं इन्स्टाग्राम हे इन्स्टाग्राम ॲपच्या खात्यात जमा होत नाही, क्रोमच्या खात्यात जातं. क्रोमच्या नोंदीत साइटनुसार वेळ दाखवायची सोय चालू केली तर ते वेगळं दिसतं, पण इन्कॉग्निटो, म्हणजे नोंद न ठेवणाऱ्या टॅबमधलं तिथेही येत नाही. आणि लॅपटॉपवरचा वेळ तर कुठेच धरला जात नाही. कॉम्प्युटर शाखेच्या मुलाचा फोनवरचा वेळ कमी दिसला, म्हणून त्याचं सगळं ठीक आहे असं समजू नये.

ॲप टायमर: सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात कच्चा भाग

डॅशबोर्डमध्ये ॲपच्या नावापुढे वाळूच्या घड्याळाचं चिन्ह असतं. त्यावर टॅप करून मिनिटं ठरवायची. वेळ संपली की ॲप बंद होतं, त्याचं चिन्ह करडं पडतं आणि त्या दिवसापुरतं ते उघडत नाही. इथपर्यंत छान आहे.

यात दोन दोष आहेत. पहिला असा की मोठ्यांच्या फोनवर स्वतः लावलेला टायमर काढायला कुठलाही पासवर्ड लागत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन तीन-चार टॅप केले की तो गेला. कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवून ठेवावी, तसं हे आहे.

दुसरा दोष होस्टेलात जास्त महागात पडतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. टायमर मध्यरात्री बारा वाजता नव्यानं सुरू होतो. घरी साडेदहाला झोपणाऱ्या माणसाला याचा काही त्रास नाही. होस्टेलात मात्र जेवण, गप्पा, जर्नल लिहिणं उरकून मुलं पलंगावर पडतात तीच बाराच्या आसपास. बाराला दोन मिनिटं कमी असताना बंद झालेलं इन्स्टाग्राम बारा वाजता दुसऱ्या दिवसाचा पूर्ण कोटा घेऊन उघडतं. तासाभराचा टायमर असेल तर एक वाजेपर्यंतची सोय झाली, आणि सकाळी उठल्यावर तो दिवसभरासाठी आधीच संपलेला असतो. तो संपलेला पाहून मुलं चिडतात आणि टायमर काढून टाकतात. बहुतेकांचा ‘तिसरा दिवस’ असा उगवतो. उपाय एवढाच की एकटा टायमर कधी लावू नये. त्याच्या जोडीला झोपेच्या वेळचा बेडटाइम मोड आणि निवडलेली ॲप थांबवणाऱ्या फोकस मोडचं रात्री अकरा ते सकाळी सात असं वेळापत्रक हवंच. दोन्ही मोड खाली सांगितले आहेत.

मिनिटं किती ठेवावीत? आठवड्याची सरासरी काढा आणि त्यातून साधारण चौथा भाग कमी करा. दोन तासांची सरासरी असेल तर दीड तास. दोन आठवड्यांनी पुन्हा कमी करा. दोन तासांवरून थेट वीस मिनिटांवर आणणारे पहिल्याच संध्याकाळी मर्यादा मोडतात, आणि एकदा मोडायची सवय लागली की पुढची प्रत्येक मर्यादा मोडणं सोपं होत जातं.

अडथळा हवा, पण केवढा?

या प्रश्नावर सगळ्यात नेटकं काम एका तंत्रज्ञान विद्यापीठानंच केलं आहे. दक्षिण कोरियात देजॉन इथे असलेल्या ‘काइस्ट’मधल्या संशोधकांनी आपल्याच कॅम्पसवरच्या विद्यार्थ्यांसाठी एकामागून एक ॲप बनवली आणि वापरून पाहिली. २०१९ मध्ये त्यांनी मांडलेल्या ‘लॉक-एन-टाइप’ या प्रयोगात ठरावीक ॲप उघडण्याआधी काहीतरी काम करावं लागे. नुसतं ‘ओके’ दाबायला लावलं तेव्हा सुमारे १३ टक्के वेळा लोकांनी ॲप उघडण्याचा विचार सोडला. १० अंक टाइप करायला लावले तेव्हा सुमारे २७ टक्के, आणि ३० अंक टाइप करायला लावले तेव्हा ४७ टक्क्यांच्या वर. म्हणजे ॲप बंद न करताही, केवळ उघडणं किंचित कंटाळवाणं केलं तरी जवळपास निम्म्या खेपा टळतात. त्याच वर्षीच्या त्यांच्या ‘गोलकीपर’मध्ये मात्र उलटी बाजू दिसली. पूर्ण कुलूप लावलं की वापर जास्त कमी होतो, पण वैतागही जास्त येतो.

डिजिटल वेलबीइंगमध्ये हा मधला मार्गच नाही. त्याचा टायमर संपेपर्यंत काही अडथळा नाही आणि संपल्यावर एकदम भिंत. ही त्याची सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल. ती भरून काढायला ‘वन सेक’ नावाचं ॲप आहे. इन्स्टाग्राम उघडायला गेलं की ते आधी एक दीर्घ श्वास घ्यायला लावतं, मग विचारतं की खरंच उघडायचं आहे का. २०२३ मध्ये त्यावर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८० जणांचा सहा आठवड्यांचा वापर पाहिला होता. ३६ टक्के वेळा लोक त्या क्षणी मागे फिरले, आणि सहा आठवड्यांच्या शेवटी उघडण्याचे प्रयत्नच पहिल्या आठवड्यापेक्षा ३७ टक्क्यांनी कमी झाले होते. हा दुसरा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो हात फोनकडे जाण्याची सवयच ओसरल्याचं दाखवतो.

एक व्यावहारिक सावधगिरी: अँड्रॉइडवर अशा ॲपना ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी द्यावी लागते, आणि काही बँकिंग ॲप ही परवानगी दुसऱ्या कुठल्या ॲपला दिलेली दिसली की सुरू व्हायला नकार देतात. परीक्षा फॉर्मची फी भरायच्या शेवटच्या दिवशी हे कळलं तर पंचाईत होते. परवानगी दिल्यावर लगेच आपलं बँकेचं आणि यूपीआयचं ॲप उघडून बघा.

आयफोनवाल्यांना ‘स्क्रीन टाइम’मध्ये चार अंकी पासकोड ठेवता येतो. तो रूममेटला टाकायला सांगायचा आणि आपण बघायचा नाही. ‘मर्यादा संपल्यावर ब्लॉक करा’ हा पर्याय चालू असायला हवा, नाहीतर ‘आज दुर्लक्ष करा’ असं दाबून पुढे जाता येतं. या बाबतीत आयफोन सरळ पुढे आहे.

फोकस मोड आणि व्हॉट्सॲपची कोंडी

फोकस मोडमध्ये आपण निवडलेली ॲप ठरावीक वेळ थांबतात. ती उघडत नाहीत आणि त्यांच्या नोटिफिकेशन्सही येत नाहीत. मध्येच गरज पडली तर ५, १५ किंवा ३० मिनिटांची सुट्टी घेता येते, ती संपली की मोड आपोआप परत लागतो. ही रचना टायमरपेक्षा शहाणी आहे, कारण थोडं सैल सोडलं तरी घडी मोडत नाही. गूगलच्या मूळ आवृत्तीत वेळापत्रक मात्र एकच लावता येतं. सकाळी ९ ते १ लेक्चर, दुपारी २ ते ४ प्रॅक्टिकल, रात्री झोप, असे तीन तुकडे त्यात बसत नाहीत. सॅमसंगच्या फोनवर ‘मोड्स आणि रुटीन्स’मध्ये ते जमतं. इतरांनी वेळापत्रक रात्रीसाठी राखून ठेवावं आणि दिवसा हातानं चालू करावं. त्यासाठी वरून खाली ओढायच्या क्विक सेटिंग्जमध्ये फोकस मोडचा चौकोन आणून ठेवला की एका टॅपचं काम.

कुठली ॲप थांबवायची हा प्रश्न इन्स्टाग्राम, यूट्यूब, गेम इथपर्यंत सोपा आहे. यूट्यूबवर एनपीटीईएल बघणाऱ्यांनी लेक्चर लॅपटॉपवर बघावं, किंवा एनपीटीईएलच्या संकेतस्थळावरून व्हिडिओ उतरवून घ्यावा आणि फोनवरचं यूट्यूब खुशाल थांबवावं. यूट्यूब ठेवायचंच असेल तर त्यातली पाहण्याची नोंद पुसून बंद करा. मग मुखपृष्ठावर सुचवलेले व्हिडिओ येत नाहीत, आपण शोधू तेच दिसतं. हा उपाय एका मिनिटाचा आहे आणि कुठल्याही टायमरपेक्षा टिकाऊ आहे.

खरी कोंडी व्हॉट्सॲपची. ते थांबवलं तर सीआरनं (वर्गाच्या प्रतिनिधीनं) टाकलेली ‘उद्याचं प्रॅक्टिकल दुसऱ्या लॅबमध्ये’ ही नोटीस हुकते. चालू ठेवलं तर वर्गाचा ग्रुप, बॅचचा ग्रुप, मेसचा ग्रुप, प्रोजेक्टचा ग्रुप आणि फेस्टचा ग्रुप मिळून फोकस मोडला भोक पाडतात. थोडी डागडुजी करता येते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये वैयक्तिक मेसेज आणि ग्रुप यांच्या नोटिफिकेशन्स वेगळ्या आहेत. ग्रुपचा आवाज, कंपन आणि वर उमटणारी पट्टी बंद करा, वैयक्तिक चालू ठेवा. म्हणजे घरचा मेसेज कळतो, ग्रुपचा गोंधळ शांत राहतो. दोन कामाचे ग्रुप वर पिन करा, बाकीचे अर्काइव्हमध्ये टाका आणि नवा मेसेज आला तरी ते तिथेच राहतील असा पर्याय चालू ठेवा.

पण नोटीस केव्हा येईल हेच ठाऊक नसेल, तर विद्यार्थी दर दहा मिनिटांनी स्वतःहून ग्रुप उघडणारच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा इथे उपयोग होतो, आणि तो भारतातल्या २३७ फोनधारकांवर केलेला असल्यानं जास्त जवळचा आहे. काहींना नोटिफिकेशन्स नेहमीसारख्या आल्या, काहींना गठ्ठ्यानं ठरावीक वेळी, काहींना अजिबात नाही. दिवसातून तीनदा गठ्ठ्यानं मिळणाऱ्यांचं लक्ष आणि मनःस्थिती सुधारली. ज्यांच्या पूर्ण बंद केल्या होत्या त्यांना तसा फायदा झाला नाही, उलट काहीतरी हुकतंय ही धास्ती वाढली. डिजिटल वेलबीइंगमध्ये असे गठ्ठे करायची सोय नाही. आयफोनमध्ये २०२१ पासून आहे. तरी जिथून नोटिसा निघतात तिथेच दिवसाला तीन गठ्ठे केले, तर कुठल्याही फोनवर हा फायदा मिळतो. आणि ते फक्त कॉलेज करू शकतं.

बेडटाइम मोड: यासाठीच हे साधन ठेवावं

बेडटाइम मोडला मी पूर्ण गुण देतो. झोपेची वेळ लावली की ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू होतं, स्क्रीन काळी-पांढरी होते, हवं असल्यास वॉलपेपर मंद होतो. अलार्म वाजतोच. ठरलेल्या वेळेत फोन चार्जिंगला लावल्यावरच मोड चालू व्हावा असाही पर्याय आहे. ज्यांची झोपायची वेळ रोज तासाभरानं पुढे-मागे होते त्यांनी तोच घ्यावा.

घरच्यांचा रात्रीचा फोन हुकेल ही भीती असते. संपर्कांत आईवडिलांच्या नावापुढे तारा लावा आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये तारांकित संपर्कांच्या कॉलना परवानगी द्या. ‘पुन्हा कॉल करणारे’ हा पर्यायही चालू ठेवा. त्यानं एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजतो.

काळ्या-पांढऱ्या स्क्रीनला हसू नका. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या विद्यार्थ्यांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त रंग काढल्यानं दिवसाचा स्क्रीनचा वेळ सरासरी ३८ मिनिटांनी घटला. रील्सची बरीच ओढ रंगांची असते. दिवसभर मात्र ही स्क्रीन ठेवू नये. रेझिस्टरवरचे रंगपट्टे, सिम्युलेशनचे आलेख, सर्किटच्या फोटोतल्या तारा काळ्या-पांढऱ्यात ओळखू येत नाहीत, मग माणूस तो पर्याय बंद करतो आणि रात्री परत लावायला विसरतो. वेळापत्रकाला बांधून ठेवला तर हा प्रश्न येत नाही.

फोन कुठे चार्ज होतो यावरही बरंच अवलंबून आहे. खोलीतला प्लग पॉइंट पलंगाच्या उशाशी असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन तो टेबलापर्यंत न्या, आणि उठायला साधं गजराचं घड्याळ घ्या. दोन्हींचा खर्च मिळून एका पिझ्झापेक्षा फार नाही.

प्लेसमेंटच्या हंगामात सेटिंग बदला. कंपनीचा कॉल अनोळखी नंबरवरून येतो आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ तो अडवतं. त्या दिवसांत रात्रीची वेळ सोडून सगळ्या कॉलना परवानगी द्या, नोटिफिकेशन्स तेवढ्या बंद ठेवा, आणि टीपीओचा (कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याचा) नंबर तारांकित करा.

कॉलेजचा वाटा

तंत्रज्ञान विद्यापीठांनी विद्यार्थ्यांच्या सवयी सुधारायला काय करावं याचं पहिलं सुचणारं उत्तर म्हणजे वायफाय बंद करणं. ते करून झालेलं आहे. आयआयटी मुंबईनं मार्च २००७ मध्ये होस्टेलमधलं इंटरनेट रात्री ११ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० पर्यंत बंद ठेवायचा निर्णय घेतला होता. मुलांनी सकाळच्या लेक्चरला यावं, खेळावं, एकमेकांत मिसळावं हा उद्देश होता आणि तो योग्यच होता. तेव्हा होस्टेलमधली केबल हाच इंटरनेटचा मुख्य मार्ग होता, त्यामुळे ती बंद केली की इंटरनेट खरंच बंद व्हायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि ही किल्ली संस्थेच्या हातातून गेली. आज रात्री वायफाय बंद केलं तर रील्स मोबाइल डेटावर चालू राहतात आणि अडतो तो गिटहबवर कोड चढवणारा, सॉफ्टवेअर उतरवून घेणारा, ज्याचा डेटा पॅक संपलेला आहे असा विद्यार्थी. फायरवॉलमध्ये यूट्यूब अडवलं तर एनपीटीईएल अडतं. इन्स्टाग्राम अडवलं तर मुलं व्हीपीएन शोधतात, बहुधा फुकटचं आणि धोक्याचं.

वायफाय बंद करण्यापेक्षा कितीतरी सोपी आणि जास्त परिणामकारक गोष्ट कॉलेजच्या हातात आहे: सबमिशनची वेळ. आयआयटी मुंबईसह अनेक संस्थांत असाइनमेंट देण्या-घेण्यासाठी मूडल हे सॉफ्टवेअर वापरतात. योगायोग असा की हे सॉफ्टवेअर पर्थच्या कर्टिन तंत्रज्ञान विद्यापीठात काम करणाऱ्या मार्टिन डूजियामास यांनी घडवलं, २००२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. मूडलमध्ये नवी असाइनमेंट तयार केली की अंतिम मुदत आपोआप सात दिवसांनंतरची, रात्री बाराची येते. शिक्षक ती तशीच ठेवतात किंवा ११:५९ करतात. विद्यार्थ्यानं बेडटाइम मोड अकराला लावलेला असतो आणि कॉलेजनं त्याला बारापर्यंत स्क्रीनसमोर बसवलेलं असतं. अपलोड झाल्यावर ‘टाकलंस का?’ या चौकशीत ग्रुपवर आणखी तास जातो.

मुदत कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचची करा. फाइल चढत नसेल तर तेव्हा लॅब उघडी असते, लॅब असिस्टंट जागेवर असतो, शिक्षकांना विचारता येतं. शेवटच्या क्षणी सर्व्हरवर सगळ्या वर्गाची एकदम गर्दी झाली तरी बघायला माणूस असतो. ज्यांचं राहिलं त्यांच्यासाठी मूडलमध्ये मुदतीखेरीज ‘कट-ऑफ’ तारीख वेगळी देता येते. ती दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची ठेवली तर उशिरा आलेलं काम ‘उशिरा’ असं शिक्का घेऊन येतं, पण रात्र जागावी लागत नाही. संध्याकाळी पाचला लेक्चर संपत नसतील अशा ठिकाणी सातची वेळ चालेल. महत्त्वाचं एवढंच की विभागातल्या सगळ्या विषयांची वेळ एकच असावी. एका सरांची पाच आणि दुसऱ्यांची मध्यरात्र असेल तर मध्यरात्रच जिंकते.

दुसरी गोष्ट नोटिसांची. ज्या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतो असा एकच ग्रुप विभागानं चालवावा. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीमधला घोषणांचा ग्रुप नेमका असाच असतो. त्यावर सकाळी ८, दुपारी १ आणि संध्याकाळी ६ अशा तीनच वेळा नोटीस पडेल आणि रात्री आठनंतर दिलेली नोटीस दुसऱ्या दिवसासाठी ग्राह्य धरली जाणार नाही, हे एचओडींनी (विभागप्रमुखांनी) लेखी जाहीर करावं. या शेवटच्या वाक्याशिवाय बाकीचं सगळं पंधरा दिवसांत ढासळतं. मूडलच्या चर्चामंचाचे ईमेल दर पोस्टला एक असे न येता दिवसातून एकदा एकत्र यावेत अशी सोय प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये आहे. सिस्टम ॲडमिननं नव्या खात्यांसाठी तीच मूळ निवड करून ठेवावी. विद्यार्थी सहसा दिलेली सेटिंग बदलत नाहीत, ही गोष्ट इथे आपल्या बाजूनं वापरता येते.

वर्गातल्या फोनबद्दल पुन्हा काइस्टकडे बघावं लागेल. त्यांच्या ‘लेट्स फोकस’ या सेवेत प्रत्येक वर्गासाठी ॲपमध्ये एक आभासी खोली होती. विद्यार्थी लेक्चरला आला की ॲप त्याला आठवण करून देई, तो स्वतःच्या मर्जीनं आत शिरे आणि त्याचा फोन तेवढ्या वेळापुरता मर्यादित होई. आपल्यासोबत वर्गातले आणखी कितीजण आत आहेत हे त्याला दिसत असे. २०१७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार सहा आठवड्यांत ३७९ विद्यार्थ्यांनी मिळून ९,३३५ तास फोन बाजूला ठेवला. यातलं घेण्यासारखं आहे ते सगळ्यांनी एकत्र करणं. एकट्यानं फोन बॅगेत ठेवणाऱ्याला काहीतरी हुकतंय असं वाटत राहतं, अख्ख्या बाकानं ठेवला की वाटत नाही. त्यासाठी ॲप लागतंच असं नाही. लेक्चरच्या पहिल्या मिनिटात सगळ्यांनी मिळून फोकस मोड चालू करणं एवढंही पुरतं. मात्र अटेंडन्स क्यूआर कोडनं फोनवर घ्यायची आणि मग फोन आत ठेवा म्हणायचं, हे एकाच तासात जमत नाही. अटेंडन्स फोनवरच घ्यायची असेल तर ती शेवटच्या पाच मिनिटांत घ्या.

लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठासारखं निवासी आवार असो किंवा पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठासारखं शहरातलं, यातल्या एकाही गोष्टीला निधी लागत नाही. एक परिपत्रक आणि मूडलमधल्या दोन सेटिंग्ज, इतकंच लागतं.

एक गोष्ट कॉलेजनं अजिबात करू नये: विद्यार्थ्यांकडून स्क्रीन टाइमचे स्क्रीनशॉट मागणं. कौशल्य विकासाच्या तासाला असा गृहपाठ द्यायचा मोह होतो. कोण किती वाजेपर्यंत जागा असतो, कुठलं ॲप किती वेळा उघडतो ही खासगी माहिती आहे, आणि ती मागितली की मुलं लॅपटॉपवर रील्स बघतात किंवा इन्कॉग्निटोत जातात. विभागाला अंदाज हवाच असेल तर नाव न घेता फक्त एक आकडा विचारा: काल रात्री बारानंतर फोन किती वेळा अनलॉक केलात?

जिथे हे साधन पुरत नाही

गेममुळे किंवा फोनमुळे झोप, जेवण, परीक्षा सगळं विस्कटूनही थांबता येत नसेल, तर तिथे टायमर लावत बसू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदलेला आहे, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्याचं निदान डॉक्टरच करतात, आणि साधारण १२ महिने टिकलेल्या गंभीर परिणामांवरून करतात. बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचं खास क्लिनिक आहे. कॉलेजच्या समुपदेशकानं तिथल्यासारखी विचारपूस शिकून घ्यावी: फोन किती वेळ वापरतोस याच्या आधी, तो वापरताना काय टाळलं जातं हे विचारावं. केटी लागल्याची (विषय मागे राहिल्याची) भीती, इंग्रजीत चाललेलं लेक्चर न समजणं, पहिल्यांदाच घर सोडल्याचं एकटेपण यातलं काहीतरी बहुतेक वेळा खाली सापडतं, आणि इलाज त्याचा करायचा असतो.

समुपदेशक नसेल किंवा त्याच्याकडे जायचा संकोच वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर रात्री बेडटाइम मोड चालू असतानाही लावता येतो. ‘डू नॉट डिस्टर्ब’ येणारे कॉल अडवतं, बाहेर जाणारे नाही.